उत्तर तुम्ही सांगायचं

प्लॅस्टरमधला उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून तो खिडकीपाशी बसला होता. माणिक दारातच थबकली. परीक्षार्थी तत्त्वज्ञानाचा आहे असं प्राचार्यांनी सांगितल्यापासून तिच्या डोळ्यांपुढे कुणी तरी पिकल्या केसांचे, जाड चष्म्याचे गृहस्थ उभे होते. हा तर पुरता बावीस वर्षांचाही नसेल. सावळा, किडकिडीत, केसांना चापून तेल लावलेलं, आणि सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलेलं... डाव्या हातानं घातलं असणार.

"तुमीच काय लेखनिक?" त्यानं उठून विचारलं.

"हौ."

"मले वाटलं, कोनी मास्तर येतीन."

"मला पण वाटलं, कुणी म्हातारे असतील."

तो हसला. हसताना त्यानं सवयीनं उजवा हात तोंडाकडे नेला, तो झोळीत अडकला, आणि कळ येऊन त्याचा चेहरा वाकडा झाला. माणिकला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली.

एकोणीसशे त्रेसष्टचा एप्रिल होता तो. बालाघाटच्या कॉलेजात बी.ए.ची शेवटची परीक्षा सुरू होत होती. तेजराम शिवणकर लालबर्ऱ्याच्या पुढच्या खेड्यातला, धानाची शेती करणाऱ्या घरातला. परीक्षा आठ दिवसांवर आली असताना तो सायकलवरून पडला आणि मनगट मोडून बसला. लेखनिक घ्यायला विद्यापीठाची हरकत नव्हती. अट एवढीच, की लेखनिक शिक्षणानं लहान असावा आणि त्याला त्या विषयाचा गंध नसावा. प्राचार्यांना चटकन चिंतामणराव दाणी आठवले. चिंतामणराव जिल्हा कोर्टात नकलनवीस होते. निकालांच्या नकला काढून देणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांची मुलगी माणिक नुकतीच हायर सेकंडरी होऊन घरी बसली होती, आणि तिचं अक्षर बापापेक्षाही देखणं होतं.

"हे बघ," निघताना चिंतामणरावांनी तिला बजावलं होतं, "तो सांगेल ते लिहायचं. नकलनवीसानं अर्थाकडे पाहायचं नसतं. अर्थात गुंतलं की हात चुकतो."

पहिला पेपर तिनं तसाच लिहिला, दुसराही. पेपर हिंदीतून होते. तेजराम डोळे मिटून, ठेका धरल्यासारखा हिंदीत सांगत जायचा आणि अडला की स्वतःशीच मराठीत पुटपुटायचा. "थांबा जरा... काय होतं ते... मी विचार करून राह्यलो." माणिक पेन उचलून थांबायची. त्या थांबण्यात ती त्याच्याकडे पाहायची. विचार करताना त्याच्या डाव्या भुवईचं टोक हलायचं. हे तिला का दिसत होतं, कुणास ठाऊक.

तिसरा पेपर भारतीय दर्शनांचा होता. तेजराम सांगत होता आणि ती लिहीत होती. समोरची जमीन पाहून आपण म्हणतो, इथे घडा नाही. पण जी वस्तू नाहीच, तिचं नसणं आपल्याला कळतं कसं?

माणिकचा हात थांबला.

"काहून थांबले?"

"घडा नाहीच, तर दिसेल काय?" ती कुजबुजली.

"लिवा न! तेच त इचारून राह्यलं विद्यापीठ."

"पण तुम्ही सांगता, नसणं दिसतं म्हणून."

"दिसते. आत्ता तुमी उठून गेले न, त ही खुर्ची मले रिकामी दिसन. दुसऱ्या कोनाले नुसती खुर्ची दिसन."

पर्यवेक्षक रीवाकडचे होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, आणि म्हणूनच त्यांचा संशय फार होता. ते टेबलावर छडी आपटून ओरडले, "ऐ भाई, मराठी में नहीं! क्या पता, उत्तर वही बता रही हो!"

"सर, मुझे तो प्रश्न भी समझ में नहीं आया," माणिक कळवळून म्हणाली. तेजरामला हसू आवरेना. त्या दिवशी घरी जाताना तिनं पाहिलं, तर दोन बोटांना शाई लागली होती. तिच्या बोटांना कधी शाई लागत नसे.

शेवटच्या पेपरानंतर दोघं कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले. चिंतामणराव यायला अवकाश होता. गुलमोहराखाली सावली म्हणायला होती, पण ऊन तिथेही भाजत होतं.

"आता तुमी काय करान?" त्यानं विचारलं.

"काही नाही. घरी. आई म्हणते, स्वयंपाक शिक."

"शिकले नाही काय अजून?"

"भात लागतो माझा."

"मंग तुमी तत्त्वज्ञानच शिका," तो गंभीरपणे म्हणाला. "त्यात भात लागला तरी चालते."

ती हसली नाही. जमिनीकडे पाहत म्हणाली, "मला खरंच शिकायचं आहे. तुम्ही सांगत होते न... मला मधे मधे भांडावंसं वाटत होतं तुमच्याशी. पण पेन हातात होतं."

तेजराम तिच्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "मी सागरले जाऊन राह्यलो. एम.ए.ले. तिकडून पत्र लिहीन. तुमी भांडा."

"मला? घरी?"

"तुमाले नाही. तुमच्या बाबाले, काकाजीले."

आणि खरंच त्यानं तसंच केलं. सागर विद्यापीठातून पहिलं पत्र आलं ते 'तीर्थस्वरूप काकाजींस' या मायन्याचं. माणिकनं तोवर रडून, जेवण टाकून, शेवटी आईलाच आपल्या बाजूला वळवून बी.ए.ला नाव घातलं होतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात चार विद्यार्थी होते, त्यांत ही एकटी मुलगी. 'तुमच्या कन्येला अभ्यासात उपयोग व्हावा म्हणून काही टिपणं पाठवत आहे,' असं पत्रात होतं. चिंतामणराव ओसरीवर बसून ते सगळं वाचायचे, घडी घालायचे आणि हाक मारायचे, "माणिक, तुझा तो घडा आला गं!"

पत्रात खरोखर तत्त्वज्ञानच असायचं. काल म्हणजे काय? एकच नदी दोनदा पाहिली तर ती तीच असते काय? पण उदाहरणं... 'समजा, एक माणूस सागरच्या टेकडीवर बसला आहे. वारा आहे, खाली तलाव आहे, विद्यार्थी गात आहेत. काहीच कमी नाही. तरी त्याला इथे घडा नाही हेच सारखं दिसतं. आता सांगा, हा त्याच्या डोळ्यांचा दोष, की जगाचा?'

माणिक ते दहा वेळा वाचायची, मग वहीत उत्तर जुळवायची आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहायची. 'दोष नाही. पण त्या माणसानं आधी ती वस्तू पाहिलेली असली पाहिजे. नाही तर तो कशाचं नसणं पाहील?' चिंतामणराव हेही वाचायचे आणि म्हणायचे, "मुद्दा बरोबर आहे." मग आपल्याच हातानं पाकीट चिकटवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात तेजराम सुट्टीवर आला. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी माणिक आईबरोबर वैनगंगेवर गेली होती. नदी आटून लांब सरकली होती, आणि वाळूत ढिवर कोळ्यांच्या डांगरवाड्या, खरबुजांच्या वाड्या, हिरव्यागार पसरल्या होत्या. पुलाकडून तो चालत आला. हात आता मोकळा होता. माणिकला तो हात पहिल्यांदाच दिसत होता जणू.

माणिकची आई, दुर्गाबाई, डांगर घेताना कुणाच्या बापाचं ऐकत नसे. एकेक उचलायची, कानाशी धरायची, टिचकी मारायची, खाली ठेवायची. वाडीवाल्याचा जीव मेटाकुटीला येई. दोघांना तेवढा वेळ मिळाला.

"पत्रं भेटतात न?" तेजरामनं विचारलं.

"भेटतात. बाबा आधी वाचतात."

"मले माहीत हाय."

"म्हणून एवढं अवघड लिहिता काय?"

"अवघड?" तो वाळूत अंगठ्यानं रेघ ओढत म्हणाला. "समजत नाही काय तुमाले?"

"समजतं थोडं थोडं. टेकडी समजली. वारा समजला. घडा तेवढा समजला नाही... कोण आहे तो?"

तेजरामनं वाळूतली रेघ पायानं पुसली. पलीकडे आई म्हणत होती, "हे कच्चं आहे रे, बाप्पा! आवाज ऐक याचा!"

"तूच," तो म्हणाला.

माणिकनं मान वर केली नाही. वाळूवरून तापलेला वारा आला आणि तिच्या पदराचं टोक त्याच्या मनगटाला, मोडून जुळलेल्या त्या मनगटाला, लागून गेलं.

"आत्ता 'तू' म्हटलं तुम्ही."

"निसटलं."

"निसटू द्या," ती इतक्या हळू म्हणाली की त्याला ते ओठांवरूनच वाचावं लागलं.

पुढल्या साली एम.ए. झालं की नोकरी पाहायची आणि मग काकाजींपुढे येऊन उभं राहायचं, असं त्यानं तिथे, त्या वाळूत, सांगून टाकलं. जात वेगळी होती. घरी काय म्हणतील, याची त्यालाही धास्ती होती आणि तिलाही. "भांडू," ती म्हणाली. "आता माझ्या हातात पेन नाही." आईनं शेवटी एक डांगर पसंत केलं आणि तेजरामच्याच खांद्यावर दिलं. तो ते घरापर्यंत घेऊन आला, चिंतामणरावांबरोबर बसून खाऊन गेला. इतकं गोड डांगर माणिकनं पुन्हा कधी खाल्लं नाही.

पासष्टच्या मे महिन्यात तो एम.ए. झाला. पहिल्या वर्गात. सागरलाच राहून त्यानं प्राध्यापकांच्या हाताखाली काम धरलं. लवकरच शिकवायची जागा निघेल, असं त्याला सांगितलं होतं. माणिक बी.ए.च्या शेवटच्या वर्षात गेली. सगळं कसं ठरल्यासारखं चाललं होतं.

श्रावणात एक पोस्टकार्ड आलं. मरणाची खबर असते तसा त्याचा एक कोपरा फाडलेला होता. चिंतामणरावांनी ते उभ्यानंच वाचलं आणि ते खाली बसले. तेजरामचा थोरला भाऊ टिकाराम धानाची रोवणी चालू असताना बांधीत, पाणी भरलेल्या खाचरात, साप चावून गेला होता. तालुक्याला नेईपर्यंत बैलगाडीतच संपला. मागे म्हातारे आईबाप, बायको आणि दोन पोरी.

माणिक दाराला धरून उभी होती.

"आईला सांग," चिंतामणराव म्हणाले, "रविवारी सकाळच्या बसनं आपण भेटायला जाऊ. तू पण चल."

"मी कशाला, बाबा?"

"आम्ही दोघंच गेलो तर तू इथे काय करशील?"

तिनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला आणि तो पुन्हा लावायचं विसरले.

"अगं, सत्तावीस वर्षं लोकांचे कागद वाचतो मी. घडा कोण, ते मला पहिल्याच पत्रात कळलं."

"आणि तुम्ही... काहीच बोलले नाही?"

"पोरगा चांगला आहे. नोकरीला लागला की बोलू, असं मनाशी ठरवलं होतं. तुझ्या आईला काय सांगायचं, तेही ठरवत होतो." ते थांबले. "आता पाहू."

त्या 'आता पाहू'चा अर्थ तिला कळला नाही. चिंतामणरावांना कळला होता. त्या मुलखातली रीत त्यांना ठाऊक होती.

गावात शिवणकरांच्या अंगणात माणसं बसली होती. तेजराम डोकं भादरलेला, ओळखू न येणारा, बापाशेजारी बसला होता. बाप महागू शिवणकर कुणी आलं की नुसता हात उचलायचा आणि खाली टाकायचा. तेजरामनं माणिककडे एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

बायका आत होत्या. विधवा झालेली शेवंता भिंतीला टेकून बसली होती. माणिकला वाटलं होतं, कुणी पोक्त बाई असेल. ती तर तिच्याच वयाची होती. असली तर दोन वर्षांनी मोठी. मांडीवर धाकटी निजली होती. चार वर्षांची थोरली, मैना, आईच्या पदराची सुतं काढत होती. दुर्गाबाई म्हाताऱ्या सासूपाशी बसली, तेव्हा शेवंतानं माणिकला हातानंच जवळ बोलावलं.

"तुमी माणिक न?"

"हौ."

"मले वाचता येत नाही, बाई. पन माह्या दिराच्या पेटीत तुमचे कागद हायेत. लय सुंदर अक्षर. या पोरीले दाखोलं मी... पाय म्हनलं, बाईमानूस असं लिहिते."

शेवंता बोलायचंच ठरवून बसली होती.

"बुढ्याईनं ठरवलं हाय. तेरवी झाली, दसरा झाला, का माहा पाट लावतीन. दिरासंगं." तिनं गुडघ्यावरचं लुगडं मुठीत धरलं. "मी नाही म्हनलं त्याईले. म्हनलं, वैनी म्हन्ते मले, वैनीच राहू द्या. कोनी आयकत नाही. अन् पाट नाही लावला त माहा बाप नेते मले तिरोडीले. खदानीतल्या एका बिजवरासंगं त्यानं बोलूनच ठेवलं. मी जाईन. माहं काय! पन पोरी नाही देत म्हन्तेत. शिवणकराच्या पोरी, शिवणकराच्याच घरी राहतीन."

मैना आता माणिकच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मोजत होती. एक, दोन, चार, पाच.

"तुमी शिकलेल्या हा," शेवंता म्हणाली. "तुमीच सांगा. माय कशी वाटतेत दोन ठिकानी?"

परतीच्या बसमध्ये माणिक खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये पाणी भरलेलं होतं, बायका वाकून रोवत होत्या, कुणी गातही होतं. दोन वर्षं ती कर्तव्य म्हणजे काय, हे शिकत होती. वहीत तिनं त्याच्या चार व्याख्या लिहून ठेवल्या होत्या. त्यांतली एकही आता तिला आठवेना.

सप्टेंबर संपता संपता तेजराम कॉलेजात आला. दुपारचे तास सुटले होते. तत्त्वज्ञानाच्या त्या लहानशा वर्गात माणिक एकटीच बसली होती. तो येईल, हे तिला माहीत होतं. कोणत्या दिवशी, एवढंच माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यावर केसांची खुंटं उगवली होती. तो समोरच्या बाकावर तिच्याकडे तोंड करून बसला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, कौलांवर त्याचा आवाजही होत नव्हता.

"सागरहून पत्र आलं," तो म्हणाला. "जागा निघाली. शिकवाची. पंधरा दिवसात रुजू व्हा म्हन्तेत."

"हं."

"तू हौ म्हण, माणिक. मी आत्ता काकाजीपाशी येतो. आपन जाऊ."

"आणि शेवंताबाई?"

"मी तिकडून सांभाळीन. सगळ्याईले."

"पोरी?"

तो एकदम चिडून म्हणाला, "मंग काय करू मी? जिले सहा साल वैनी म्हनलो, तिच्या कपाळाले कुंकू लावू? तूच सांग. तू नाही म्हनलं त मी थांबतो. हौ म्हनलं त येतो. पन सांग."

हौ म्हणायला माणिकला एक क्षण पुरला असता. शब्द जिभेवर होता. तिला त्याची चवसुद्धा लागत होती.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "उत्तर तुम्ही सांगायचं. परीक्षेत पण तुम्हीच सांगत होते, मी लिहीत होते. मी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं, तर उद्या सागरला बसून तुम्हाला त्या पोरी दिसतील आणि मग मी दिसेन. नाही तर गावात बसून... तेच. माझ्या नावानं नका करू काही."

"तुले काही वाटत नाही?"

"वाटतं न." तिचा आवाज फाटला. "माझं मन विचाराल तर ते तुमच्याजवळ आहे. आज आहे. ते लपवत नाही मी. पण मत विचारू नका."

तेजराम दोन्ही हात बाकावर ठेवून बसून राहिला. व्हरांड्यातून चपराशी दारं लावत येत होता. एकेक कडी लागल्याचा आवाज जवळ जवळ येत होता.

"काल मैनानं मले इचारलं," तो शेवटी म्हणाला. "म्हन्ते, काका, माय तिरोडीले गेली त आमची येणी कोन घालन? मी म्हनलं, मी घालीन न. बसवलं तिले पुढं. घालून पाह्यली." त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. "मले येणी घालता येत नाही, माणिक. अर्धा घंटा ती पोरगी मान ताठ करून बसली. हलली नाही. मी दुखवलं तिले... तरी हलली नाही. तिले वाटलं, हलली त मी उठून जाईन."

माणिकनं तोंडावर पदर धरला.

"मी थांबतो," तेजराम म्हणाला.

ते त्याचंच उत्तर होतं. त्यात तिचा एक शब्दही नव्हता. तिनं मान हलवली. पुष्कळ वेळ ती नुसती मान हलवत राहिली.

चपराशी दाराशी आला. "बंद करूँ क्या, बिटिया?"

तेजराम उठला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि मागे न वळता म्हणाला, "तुमी परीक्षा चांगली द्या. सागरले जा. तुमाले जमन."

'तुमी.' तो कधीच निघून गेला होता, तरी माणिक त्या एका शब्दाशी बसून होती. शेवटी चपराशानं दुसऱ्यांदा हाक मारली.

तिनं परीक्षा दिली. कशी दिली, ते तिलाच ठाऊक. पेपर कोरा समोर यायचा, ती लिहू लागायची, आणि मध्येच पेन उचलून थांबायची. कुणी तरी पुढचं वाक्य सांगेल म्हणून. कुणी सांगत नसे. मग ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच लिहायची. निकाल लागला तेव्हा चारांतली पहिली आली. सागरला पाठवायला दुर्गाबाई तयार नव्हती. एवढ्या लांब, हॉस्टेलात, आणि लग्न कधी करायचं? चिंतामणराव एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिला. इथे ती रोज त्याच रस्त्यानं जाईल." दुर्गाबाईनं ट्रंक उतरवायला घेतली. तिलाही एव्हाना सगळं कळलं होतं.

जुलैत छोट्या रेल्वेच्या गाडीनं ती जबलपूरकडे निघाली. बालाघाट स्टेशनवर आई डोळे पुसत सूचना देत होती, बाबा ट्रंकेवर नाव नीट दिसतं की नाही ते तपासत होते. तेवढ्यात फलाटावरून ती चौघं येताना दिसली. तेजरामच्या कडेवर धाकटी होती. मैनानं कपाळी पुन्हा कुंकू ल्यालेल्या शेवंताचं बोट धरलं होतं, आणि पोरीच्या दोन वेण्या घट्ट, चापून, लाल फितीनं बांधलेल्या होत्या.

शेवंतानं खिडकीतून फडक्यातलं गाठोडं आत दिलं. "मुरमुऱ्याचे लाडू हायेत. वाटेत खा." मग ती अडखळली. माणिकचा खिडकीतला हात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. "बाई... तुमी मले शिव्या देल्या असत्या, त बरं वाटलं असतं मले."

"कशाला शिव्या?" माणिक म्हणाली. "मैनाला शाळेत घाला, बस."

"घातलं. तेच घेऊन जातेत सायकलवर."

तेजराम मागे उभा होता. उन्हानं रापला होता, तळव्यांना घट्टे पडले असावेत. धाकटीच्या पाठीवरचा हात रुंद दिसत होता. गाडीनं शिटी दिली तेव्हा तो दोन पावलं पुढे आला.

"टेकडीवर वारा लय राहते," तो म्हणाला. "स्वेटर घेतलं काय?"

"घेतलं."

"मंग ठीक हाय."

गाडी हलली. तो चालला नाही, पळाला नाही, त्यानं हातही केला नाही. हात केला तो धाकटीनं, कुणाला ते न कळता. नैनपूर येईपर्यंत माणिक बाहेर पाहत होती. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कौन थे बेटी, घर के लोग?" आणि ती "हाँ" म्हणाली.

सागरच्या टेकडीवर खरोखरच वारा फार होता. पहिल्या दिवशी वर्गाच्या खिडक्या सारख्या आपटत होत्या. म्हातारे प्राध्यापक रजिस्टर मिटून म्हणाले, शिकवायच्या आधी मला प्रत्येकानं सांगा, तत्त्वज्ञान का घेतलं? एकाला सरकारी परीक्षा द्यायची होती. एकाचे वडील संस्कृतचे पंडित होते. एकाला दुसरीकडे प्रवेश मिळाला नव्हता. त्यानं ते कबूल केलं आणि सगळे हसले.

माणिक उठली. रात्रभराच्या प्रवासात तिनं दोन चांगली वाक्यं जुळवली होती. तिनं तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य अर्ध्यातच तुटलं.

"सर, मैं..." ती म्हणाली. "मुझे एक आदमी ने..." आणि पुढचं येईना. वर्गातली सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती. त्या वर्गात, त्या फाटकात, फलाटावर, आईबापांपुढे जे आलं नव्हतं, ते इथे, अनोळखी माणसांसमोर, घळाघळा वाहू लागलं.

प्राध्यापकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना घाई दिसत नव्हती.

"बैठ जाइए, बेटी," ते म्हणाले. "दो साल हैं अपने पास."

ती बसली. शेजारच्या मुलीनं काही न विचारता आपली पिशवी उचलून तिला सरकायला जागा करून दिली. खिडकी आपटली, कुणी तरी उठून तिची कडी लावली, आणि सरांनी शिकवायला सुरुवात केली.